ड्रोन आधी का सरी आधी?

"पाऊस पडला तर मुरत नाही, साचला तर निघत नाही. आधी ह्याचं काय ते बोला, मंग तुमच्या ड्रोनचं बोलू," मामा म्हणाले आणि सेलूच्या बसस्टँडसमोरच्या कट्ट्यावर वाद पेटला.

विषय बापूनं काढला होता. बचत गटाच्या बायकांना सरकार ड्रोनसाठी ८० टक्के अनुदान देतंय, आपल्या गावातही आला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. "एकराला १० लिटर पाणी लागतं, चहा होईस्तोवर फवारा खलास. अन् तुम्ही अजून पाठीवर पंप घेऊन तुरीत घुसायलाव."

इथं मी बापूच्या बाजूचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, ते मी विसरलेलो नाही. डोक्याएवढ्या पिकातून विषाच्या धुरळ्यात माणसानं चालू नये. त्यासाठी ड्रोन येत असेल तर जरूर यावा. पण ड्रोननं रानातली ओल वाढत नाही, आणि मराठवाड्यात पीक जातं ते बहुतेक वेळा ओलीपायी. २०२३चा ऑगस्ट हा देशात १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. फुलोऱ्यातलं सोयाबीन डोळ्यांदेखत माना टाकत होतं. दोनच वर्षांनी, २०२५च्या सप्टेंबरात, मांजरा आणि सिंदफणेच्या काठची रानं खरडून गेली. तीच जमीन, तोच शेतकरी. एका साली पाणी नाही म्हणून गेला, दुसऱ्या साली पाण्यानं गेला.

"ह्या दोन्हीला एकच औषध आहे का?" दाजींनी विचारलं. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळं त्यांचा प्रश्न बाटलीच्या अंगानं असेल असं वाटलं. पण ते मनापासून विचारत होते.

सरांनी उत्तर दिलं. ते शाळेत विज्ञान शिकवतात आणि सुट्टीत घरची सहा एकर बघतात. "आहे, निदान मध्यम पावसापुरतं. रुंद वरंबा सरी. बीबीएफ म्हणतात ते. सोयाबीनच्या चार ओळी वरंब्यावर, मग एक सरी. आपली काळी माती ओली झाली की फुगते, हवेला जागा राहत नाही. मुळावरच्या नत्र धरणाऱ्या गाठींना हवा नाही मिळाली की पीक पिवळं पडतं, मग आपण युरिया टाकत बसतो. सरी असली की जादाचं पाणी निघून जातं, वाफसा लवकर येतो, म्हणजे रान कामाजोगं होतं. कमी पाऊस झाला तर तेच पाणी सरीत थांबून मुरतं, अन् पावसाच्या खंडात आठ-दहा दिवस पीक तग धरतं. बियाणंही कमी लागतं."

हे काही कालचं शास्त्र नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेनं काळ्या जमिनीत या पद्धतीवर सत्तरच्या दशकात काम केलं. परभणीचं आपलं कृषी विद्यापीठही कित्येक वर्षं सांगतंय. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट अजून शिवारभर दिसत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

"कामून दिसत नाही ते मी सांगतो," मामा म्हणाले. "बीबीएफ यंत्र कोणाकडं हाय? पेरणीचे चारच दिवस असतात. साऱ्या गावाला एक यंत्र, माझा नंबर येईस्तोवर ओल उडून जाती."

मामांचं हे म्हणणं खोडता येत नाही. पण यंत्राशिवायही वाट आहे. साध्या पेरणी यंत्राची एखादी नळी बंद ठेवून पट्टे पेरायचे आणि पीक महिन्याचं झालं की रिकाम्या ओळीत कोळप्याला, म्हणजे तण काढायच्या अवजाराला, दोरी गुंडाळून सरी पाडायची. वरंबा तेवढा उठत नाही, पण पाण्याला वाट होते. याला खर्च जवळजवळ नाही.

दाजींनी नॅनो युरियाची, म्हणजे पानांवर फवारायच्या पातळ युरियाची, बाटली पुढं केलीच. सरांनी कागदावर हिशेब मांडला. पहिल्यांदा आलेली ती अर्ध्या लिटरची, ४ टक्के नत्राची बाटली, म्हणजे आत २० ग्रॅम नत्र. साध्या युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी साडेवीस किलोच्या वर. "पानावरून कितीही चांगलं शोषलं, तरी एवढं अंतर भरून निघतं हे मला पटत नाही," सर म्हणाले. दाजींनी वाद घातला नाही, कागद मात्र खिशात ठेवला.

खरी खडाजंगी झाली ती शून्य मशागतीवर. वरंबे एकदाच करायचे, पुढं नांगरट नाही, पीक कापून घ्यायचं आणि मुळं जमिनीतच कुजू द्यायची. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांच्या एसआरटी, म्हणजे सगुणा तंत्र या पद्धतीचं हेच सूत्र. मला ते पटतं. मुळं कुजली की पाणी आत जायला वाटा होतात, सेंद्रिय कर्ब वाढतो, गांडुळं येतात, आणि नांगरटीचं डिझेल वाचतं.

"अन् तण?" मामा उसळले. "कुंदा, हराळी, लव्हाळा नांगराशिवाय निघती का? मंग मारा तणनाशक. जमीन वाचवायला निघालाव अन् तिच्यावरच औषध वतायलाव!"

यावर माझ्याकडं पुरं पडेल असं उत्तर नव्हतं. ज्या रानात कुंदा मातलाय तिथं आधी तो खणूनच काढावा लागेल, मग शून्य मशागत, एवढं मी म्हणालो. सरांचं मत वेगळं, पहिली दोन वर्षं तणनाशक धरूनच चालावं लागेल. बापूला दोघांचंही पटलं नाही.

शेवटी ठरलं ते इतकंच. येत्या मृगात मामांच्या वढ्याकडच्या दोन एकरांत एकच बियाणं, एकाच दिवशी पेरायचं. घरचंच सोयाबीन, ओल्या पोत्यात १०० दाणे ठेवून ७० उगवले तरच. एका एकरात सपाट, दुसऱ्यात पट्टे आणि सरी. मळणी वेगवेगळी करायची, पोती वेगळी मोजायची. कडंच्या १० गुंठ्यांत नांगर घालायचा नाही, हे मामांनी बऱ्याच ओढाताणीनंतर मान्य केलं.

"पण तिथं खुरपायला तुम्ही चौघं येणार," ते म्हणाले. "अन् वजनाच्या दिवशी दाजींचा काटा."