शून्य बाइटचं भांडण

विकिपीडियाचे लेख वाचणारे खूप, लिहिणारे थोडे, आणि लेखाचं ‘इतिहास’ पान (म्हणजे त्यात झालेल्या प्रत्येक बदलाची यादी) उघडून बसणारे आमच्यासारखे रिकामटेकडे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. त्यामागचं मीडियाविकी हे सॉफ्टवेअर दर वेळी नुसता बदल न नोंदवता लेखाची अख्खी प्रत ठेवतं. चाळीस हजार बाइटच्या लेखात एक काना दुरुस्त केलात, की चाळीस हजारांची आणखी एक आवृत्ती तयार! विजेची जुनी बिलं पिशवीत जपणाऱ्या सासरेबुवांनीही हात टेकावेत असा हा प्रकार.

इतिहासातल्या प्रत्येक ओळीत तारीख, सदस्याचं नाव, बदलाचा आढावा (बदलणाऱ्यानं लिहिलेली छोटी टीप) आणि कंसात किती बाइट वाढले-घटले तो आकडा असतो. वाढ हिरवी, घट लाल. पाचशे बाइटच्या वर उडी गेली की आकडा ठळक होतो, आणि लाल ठळक दिसला की पोटात गोळा येतो. नवखा माणूस याच आकड्याला भुलतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, हलंत, अनुस्वार, सगळ्यांचा दर एकच. मोकळी जागा मात्र एका बाइटात भागते. इंग्रजी आकड्यांतलं साल चार बाइटचं, तेच देवनागरीत बाराचं. त्यामुळे सरावानं ‘फरक’ (दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी दाखवणारं पान) न उघडताही अंदाज बांधता येतो. +६ म्हणजे नेत्याला ‘जी’ चिकटला. +९ म्हणजे ‘राव’ आले. +१५ म्हणजे ‘साहेब’, आणि +१९ म्हणजे एक मोकळी जागा सोडून ‘महाराज’. −३ असेल तर कुणीतरी अनुस्वारावर रुसलेलं आहे.

खरं घबाड राखाडी शून्यात असतं. ‘आणि’ची ‘आणी’ केली, ‘पाणी’चं ‘पानी’ केलं, पहिली वेलांटी काढून दुसरी दिली, तर गेले तीन आणि आले तीन. संगणकाच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. इकडे चर्चापानावर शुद्धलेखनाचे नियम, बोलीचा अभिमान आणि एकमेकांच्या शाळा निघालेल्या असतात. पाठोपाठ आठ शून्यं दिसली की समजावं, दोन जिद्दी माणसं एका वेलांटीसाठी जागी आहेत. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं उलटवू नये असा नियम आहे. वेलांटीवाल्यांना तीन फारच अपुरे पडतील.

आणखी एक छळ ‘दऱ्या’चा. हा ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकता येतो: ‘ऱ’ला हलंत देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढे एक अदृश्य जोडक घालून. बहुतेक फाँटांत दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. फरक उघडावा तर डावीकडे पिवळ्या पट्टीत ‘दऱ्या’, उजवीकडे निळ्या पट्टीत ‘दऱ्या’, आणि आकडा −३. चष्मा पुसून उपयोग नाही. गेलाय तो जोडक, आणि तो असतानाही दिसत नव्हता.

आता निस्तरण्याकडे. समजा, एका किल्ल्याच्या लेखात कुणीतरी स्वतःच्या मित्राबद्दल दोन अर्वाच्य वाक्यं घुसवली. लगेच ‘उलटवा’ दाबावं, तर तोवर एका सज्जनानं त्याच वाक्यांचं शुद्धलेखन सुधारलेलं असतं. (असे सज्जन असतात. शिवी राहते, पण प्रमाण मराठीत राहते.) मधल्या बदलामुळे आता ते संपादन सरळ उलटत नाही. मग ज्यांच्या हाती ‘द्रुतमाघार’ (एका दाबात संपादनं मागे घेण्याची सोय) आहे ते ती वापरतात. पण द्रुतमाघार फक्त शेवटच्या सदस्याची सलग संपादनं काढते. शेवटी एखादा सांगकाम्या (आपोआप संपादनं करणारा प्रोग्राम) येऊन लेखाला वर्ग लावून गेला असेल, तर बिचाऱ्याचं काम जातं आणि मित्राची बदनामी तिथेच.

अशा वेळी घाणीच्या आधीची आवृत्ती उघडावी, ‘संपादन’ दाबून तीच जतन करावी. धोका एवढाच, की मधली चांगली भरही त्यासोबत वाहून जाते. म्हणून जतन करण्याआधी ती आवृत्ती आणि ताजी आवृत्ती यांची तुलना करायची, कामाचं तेवढं हातानं परत घालायचं, आणि आढाव्यात कुठल्या तारखेच्या आवृत्तीवर नेलं ते लिहायचं.

मजकूर कधी शिरला ते कळत नसेल, तर एकेक ओळ तपासत बसू नये. पानावर पाचशे नोंदी मागवाव्यात, मधली आवृत्ती उघडावी. वाक्य आहे? जुन्या अर्ध्याच्या मधोमध जा. नाही? नव्या अर्ध्याच्या. दोन हजार आवृत्त्यांत अकरा पावलांत चोर सापडतो. तोच मजकूर चारदा आत-बाहेर झाला असेल तर मात्र ही युक्ती चकवा देते. आणि जुनी आवृत्ती तेव्हाच्या रूपात दिसेल अशी आशाही नको: साचे (अनेक लेखांत वापरायचे तयार तुकडे) आणि चित्रं आजची येतात, वगळलेल्यांच्या जागी लाल दुवा.

सर्वांत मोठी चीड नकल-डकव (कॉपी-पेस्ट) करणाऱ्यांची. लेखाचं शीर्षक चुकलंय म्हणून हे सगळा मजकूर उचलून नव्या नावाच्या पानावर टाकतात. दहा जणांचं काम जुन्या पानाच्या इतिहासात अडकतं, आणि नव्या पानावर एकाच माणसानं एका मिनिटात चाळीस हजार बाइट लिहिल्याचा विक्रम नोंदला जातो. विकिपीडियाच्या परवान्यानुसार मूळ लेखकांना श्रेय द्यावं लागतं, आणि ते देण्याची जागा म्हणजे हाच इतिहास. ‘स्थानांतरण’ (पानाचं नाव बदलण्याची सोय) केलं असतं तर तो लेखासोबत गेला असता आणि जुन्या नावावर नव्याकडे नेणारं पुनर्निर्देशन राहिलं असतं. आता दोन्ही इतिहास जोडायला प्रचालकाच्या (जादा अधिकार असलेल्या सदस्याच्या) पाया पडा.

उरला आढाव्याचा चौकोन. २०१८ पर्यंत त्याला २५५ बाइटची मर्यादा होती, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं. ती पाचशे चिन्हांवर गेली, आणि लोक आजही तिथे ‘बदल केला’ असं लिहितात. नाहीतर तीन परिच्छेद उडवून ‘छो’ची, म्हणजे छोट्या बदलाची, खूण करतात. बरं, एकदा जतन केलेला आढावा दुरुस्त करता येत नाही. काहीच न बदलता पुन्हा जतन केलं तर नोंदच होत नाही. म्हणून दोन विभागांच्या मध्ये एक जादा रिकामी ओळ टाकायची, आणि त्या संपादनाच्या आढाव्यात आधीच्याचा खुलासा लिहायचा. इतिहासात +१ उमटतो. मग आढावा न वाचणारा पुढचा संपादक तो एक बाइट कुठे वाढला ते शोधत बसतो, आणि तो सापडला नाही की चिडून तुमचं संपादन उलटवतो.