सर्वधर्मीय मतदार जागृती समिती कशी चालवावी

निवडणुकीचं वारं सुटलं की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुठल्याही गल्लीत सर्वधर्मीय मतदार जागृती समिती उभी करता येते. साहित्य फार लागत नाही. देवस्थानचा एक ट्रस्टी, जमातीचा एक बुजुर्ग, चर्चचे फादर, जैन बसदीतला एखादा जाणकार, मठाचे स्वामीजी मिळाले तर दुधात साखर, आणि एक फ्लेक्स. त्यात फ्लेक्स आधी ठरवा. माणसं काय, मागून येतात.

पहिली बैठक फ्लेक्ससाठीच राखून ठेवावी. कन्नड वर की मराठी वर, दोन्हींच्या अक्षरांची उंची किती, उर्दू घ्यायची तर कुठल्या कोपऱ्यात, गावाचं नाव बेळगाव लिहायचं की 1 नोव्हेंबर 2014 पासूनचं बेळगावी, हे विषय नीट लावून धरले तर दोन बैठका सहज निघतात. तिसरी फोटोंच्या क्रमाला. धर्माधर्मांत एकोपा असतोच हो, भांडण फोटो कितव्या नंबरवर याचं असतं.

आता मुहूर्त. इथे गाफील राहिलात तर कामाला जुंपले जाल. नाव नोंदवायचा अर्ज म्हणजे फॉर्म 6. अठरा वर्षं पूर्ण झाली का हे बघायच्या तारखा आता वर्षातून चार आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. निवडणूक जाहीर झाल्यावरही, उमेदवारी अर्जांची मुदत संपायच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत नोंदणीचा अर्ज चालतो. त्यानंतर दिलेला अर्ज त्या निवडणुकीला उपयोगी पडत नाही. तेव्हा समितीचं उद्घाटन या तारखेच्या पुढच्या आठवड्यात ठेवा. ‘मतदान हे पवित्र कर्तव्य’ असं कितीही जोरात म्हटलं तरी मग कुणी उठून ‘आमच्या पोराचं नाव घालून द्या की वो’ म्हणणार नाही. म्हणालं तरी ‘मुदत संपली’ हे उत्तर खरंच असेल.

तरी समितीत एखादा चळवळ्या असतोच. तो निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून भागवार मतदार यादी उतरवून घेतो आणि बैठकीत वाचायला लागतो. त्याला वेळीच चहाच्या व्यवस्थेवर टाका. कारण त्याला एक गोष्ट कळलेली असते. गल्लीत कोण वारलं, कुणाकडे सून आली, कुणाचं बिऱ्हाड पुण्याला हललं, हे भजनी मंडळाला, जमातीला आणि चर्चला बीएलओच्या, म्हणजे त्या भागाची यादी सांभाळणाऱ्या बूथ अधिकाऱ्याच्या, आधी ठाऊक असतं. हा बीएलओ बहुतेक वेळा अंगणवाडी सेविका किंवा शाळामास्तर. स्वतःचं काम सांभाळून घरोघर फिरणार, निम्म्या दारांना कुलूप. एका भागात हजाराच्या आसपास नावं. तेवढी यादी घेऊन देवळाच्या कट्ट्यावर गल्लीतली चार जाणती माणसं दोन संध्याकाळी बसली, तर मयत, हललेले आणि राहून गेलेले असे तीन ढीग आपोआप पडतात. मयतासाठी फॉर्म 7, पत्ता बदललेल्यासाठी आणि नावातल्या चुकीसाठी फॉर्म 8, राहून गेलेल्यासाठी फॉर्म 6. बाराव्याच्या जेवणाला अख्खी गल्ली येते, फॉर्म 7 कुणी भरत नाही, म्हणून आजोबा यादीत वर्षानुवर्षं हयात राहतात. सून मात्र माहेरच्या यादीत असते, आणि मतदानादिवशी माहेर बसनं दोन तास लांब. एवढं सगळं कट्ट्यावर उघड झालं तर समितीला काम लागेल आणि फ्लेक्स मागे पडेल.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागाची एक खासियत आहे, तिला तर हातच लावू नका. एक नाव इकडे खानापुरात, दुसरं पलीकडे चंदगडात. किंवा एक निपाणीत, एक कागलमध्ये. शेत इकडे, घर तिकडे, रेशन कुठंतरी मधे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 सांगतो की एकाहून जास्त मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, आणि अर्जात खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे प्रवचनात सांगितलंत तर पुढच्या प्रवचनाला निम्मी सतरंजी मोकळी. त्यापेक्षा ‘दानात श्रेष्ठ मतदान’ म्हणा आणि प्रसाद वाटा.

प्रवचनाचंही तंत्र आहे. शुक्रवारी खुतबा, रविवारी मिस्सा, एकादशीला कीर्तन, तिन्हीकडे एकच वाक्य बोलायचं ठरलं असेल: ‘मत द्या, कुणाला ते तुमचं तुम्ही ठरवा.’ वाक्याचा पहिला भाग मोठ्यानं म्हणा. दुसऱ्या भागाशी आलात की किंचित थांबा, समोरच्या रांगेतल्या पाहुण्याकडे बघा आणि हसा. लोक समजून जातात. अडचण एवढीच की उमेदवार, त्याचा एजंट किंवा त्यांच्या संमतीनं दुसऱ्या कुणी धर्म, जात, समाज किंवा भाषेच्या नावावर मत मागणं हे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) खाली भ्रष्ट आचरण ठरतं. 2 जानेवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी 4 विरुद्ध 3 मतांनी सांगितलं की यात मतदाराचा धर्म आणि मतदाराची भाषाही धरायची. भाषासुद्धा! म्हणजे आपल्याकडे भाषण करायचं तर हवामानावर.

म्हाताऱ्यांसाठी गाडी हवीच. ती स्वतः वर्गणी काढून करू नका, खर्च येतो. कुणातरी उमेदवाराची ट्रॅक्स घ्या. मतदारांना फुकट नेण्या-आणण्यासाठी उमेदवारानं किंवा त्याच्या संमतीनं कुणी वाहन पुरवणं हेही कलम 123 मध्येच बसतं, पण ट्रॅक्सवर समितीचा फ्लेक्स बांधला की ती निधर्मी दिसते. आणि 85 वर्षांवरच्यांना व 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरी बसून मत देता येतं, हे चुकूनही सांगू नका. त्याला फॉर्म 12 डी लागतो, तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो. घरीच मत झालं तर खुर्चीवरून आजींना उचलून नेतानाचा फोटो कुठून मिळणार?

सुट्टीचं काय करायचं? लोक जोडून रजा टाकून गोव्याला जातात म्हणून कर्नाटक विधानसभेचं 10 मे 2023 चं मतदान बुधवारी ठेवलं होतं. तुम्ही त्याच दिवशी देवस्थानची सहल काढा. पुण्यही लागेल.

मतदानादिवशी सूचना कमी द्या. ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड यांतलं एक चालतं. रेशनकार्ड चालत नाही. घरोघर वाटलेली चिठ्ठी नुसती घेऊन गेलात तर तीही ओळख म्हणून चालत नाही. हे लोकांना केंद्राच्या दारातच कळू द्या. उन्हात परत घरी गेलेला माणूस सहसा पुन्हा येत नाही, रांग आटोक्यात राहते. सहाला मतदान संपतं, पण तेव्हा रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी देतात आणि त्याचं मत घेतात; ती चिठ्ठी रांगेच्या शेवटच्या माणसापासून वाटत पुढे आणतात, म्हणजे मागून कुणी घुसू नये. पाच पन्नासला धापा टाकत निघालेल्या पोराला हे माहीत नसेल तर तो वाटेतूनच वळतो. वळू द्या.

तुम्ही स्वतः मात्र सकाळी सातलाच जा. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती बघत बसू नका, बाहेर फोटोवाला थांबलेला असतो. शाईचं बोट, मागे फ्लेक्स, सगळे धर्म एका ओळीत. फक्त फ्लेक्स केंद्रापासून 100 मीटरच्या बाहेर बांधला आहे ना ते बघा. त्यावर देणगीदार म्हणून उमेदवाराच्या मेव्हण्याचं नाव आहे.