येणार का न्हाई, तेवढं सांग

वकिलाच्या पोरीच्या लग्नाचं कार्ड एव्हाना सगळ्यांच्या घरी पोचलंय आणि फोनवरही फिरून आलंय, त्यामुळं थोडक्यात सांगतो: आमंत्रण चक्क इंग्रजीत, खाली पोरांचा मराठी आग्रह. कोपऱ्यात बारीक अक्षरात आर.एस.व्ही.पी. (म्हणजे येणार का न्हाई ते कळवा), एक तारीख आणि एक मोबाइल नंबर. तेवढ्यावरनं शनिवारी रात्री आमच्या सोलापूरच्या डफरीन चौकात जे पेटलं, ते टपरीवाल्यानं शटर ओढेपर्यंत.

काडी टाकली पश्यानं. पश्या पुण्याला हिंजवडीत आयटीत असतो. शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो आणि सोमवारी पहाटे परत जाईपर्यंत आम्हाला सुधारतो.

"फॉर्मच चुकलाय बे. 'मिस्टर अँड मिसेस अमुक रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युवर कंपनी' असं सुरू केलं की शेवटपर्यंत तसंच चालवायचं. खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' आणि तीन पोरांची नावं, हे कुठं असतं? उत्तरही तसंच द्यायचं. मिस्टर अँड मिसेस तमुक थँक मिस्टर अँड मिसेस अमुक. 'आय' नाही, सही नाही."

"सोताच सोताचं नाव घ्यायचं?" बसू म्हणाला. "आमच्या गल्लीत अंगात आल्यावर बोलतात तसं."

बसू केटरर आहे. त्याचं शिक्षण कुठवर झालं ते कुणी विचारत नाही, कारण हिशोबात त्याला अजून कुणी गाठलेलं नाही.

आमच्या क्लासच्या सरांना राहवलं नाही. क्लास सुटून वीस वर्षं झाली तरी खडू हातातच असतो. "सीबीएसईच्या बारावीला हे 50 शब्दांत लिहायला लावतात. यायचं असेल तर तारीख आणि वेळ दोन्ही परत लिहायची, म्हणजे घोळ होत नाही. यायचं नसेल तर नुसती तारीख. कारण द्यायचंच झालं तर 'प्रायर एंगेजमेंट', बास."

"पण इंग्रजी कशाला म्हणतो मी?" नाग्या उसळला. नाग्याची अस्मिता दुसऱ्या चहानंतर जागी होते. "आपल्या पत्रिकेत काय कमी हाय? सहकुटुंब सहपरिवार. नजरचुकीनं निमंत्रण राहिलं तर हेच आग्रहाचं समजावं. कुणाला तोडलंय का?"

"नवरदेव आपल्या गावच्या पूर्व भागातला, तेलुगू. पोरीची आई अक्कलकोटची, घरात कानडी," बसू बोटांवर मोजत बोलला. "मराठीत छापलं तर आजोळ रुसणार, कानडीत छापलं तर पूर्व भाग. इंग्रजीत छापलं, कुणालाच नीट कळलं न्हाई, सगळे खूश."

नाग्या मागं हटेना. "आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षतेला कोण कार्ड छापतं रे? संमती कट्ट्यावर लाखो माणूस उभं राहतं!"

"राहतं की. अक्षता टाकून गड्ड्याच्या जत्रेत जातं आणि आपल्या पैशानं खातं. तुझ्या मांडवात येऊन पंगतीला बसत न्हाई." मग बसूनं जुनं काढलंच. "तुझ्या वास्तुशांतीला सव्वादोनशे ताटं सांगितलीस. निम्मी तरी उठली का? शेंगापोळ्या दोन दिवस गल्लीभर वाटत फिरलो. आणि हा पश्या, 'शंभर टक्के येतो' म्हणून पुण्यात झोपला होता."

"सॉफ्टवेअरचं रिलीज होतं बे माझं!"

"मग तसं सांगायचं होतं. प्रायर एंगेजमेंट."

मला यात बसूचंच पटतं, लपवत नाही. आपल्याकडं तोंडावर नाही म्हणणं म्हणजे भावकीत भांडण लावणं, म्हणून जो तो 'बघू की' म्हणून सटकतो. ते 'बघू की' कुणाच्या तरी पातेल्यात शिजतं, आणि त्याचं बिल यजमानाला येतं. इंग्रजाचं काटा-सुरीचं जेवण नको आपल्याला. पण नाही म्हणूनही संबंध टिकवायची ती दोन ओळींची सोय वाईट नाही. (आमच्या घरी हे बोलून बघितलं. "तुमच्या मामांना पाठवा आधी" असं उत्तर आलं.)

पश्याला हरणं माहीत नाही. "हे सगळं कागदावर. असल्या नंबरवर कुणी फोन उचलत नसतं. लावा पैज." चहाची पैज लागली. त्यानं कार्डावरनं बघून नंबर फिरवला, स्पीकर चालू केला.

बसूच्या खिशात कानडी गाणं वाजायला लागलं.

"वकील म्हणला, ताटं तूच मोजणार, मग नंबर पण तुझाच टाकतो," बसू शांतपणे म्हणाला आणि हातभर अंतरावरनं त्यानं फोन कानाला लावला. "हॅलो. येस. हाऊ मेनी?"

पश्या गडबडला. "प... पाच."

"पाकिटावर तुझं एकट्याचं नाव हाय."

नाग्याच्या नाकातनं चहा आला. सर म्हणत होते की नियमाला धरून आहे, पाकिटावर नाव असेल त्यालाच आमंत्रण असतं, पण ऐकतंय कोण. पश्या फोन न ठेवताच भांडत होता, त्यामुळं त्याची प्रत्येक शिवी दोनदा ऐकू येत होती.