पर्टिनॅक्सचे 87 दिवस

रोमन सम्राटांवरचे व्हिडिओ सध्या फार फिरतात. कुणी नीरोचं वेड सांगतं, कुणी कॅलिगुलाचा घोडा. ऐकणाऱ्याचा समज असा होतो की भला सम्राट टिकायचा आणि विकृत सम्राट मारला जायचा. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही, ते एका सम्राटाच्या निमित्ताने लिहितोय. त्याचं नाव पर्टिनॅक्स.

बाप गुलामगिरीतून सुटलेला. मुलगा आधी व्याकरण शिकवायचा, मग सैन्यात शिरला आणि चढत चढत थेट कॉन्सलपदापर्यंत, म्हणजे रोममधल्या सर्वोच्च सरकारी पदापर्यंत पोचला. इ.स. 192 च्या शेवटच्या रात्री सम्राट कमोडसला त्याच्याच जवळच्या माणसांनी संपवलं. विष लागू पडेना, तेव्हा नार्सिसस नावाच्या पैलवानाकडून गळा आवळला. त्याच रात्री 66 वर्षांच्या पर्टिनॅक्सला प्रिटोरियन गार्डच्या, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षक दलाच्या छावणीत नेऊन सम्राट केलं. सेनेटकडे, म्हणजे रोमच्या बड्या लोकांच्या सभेकडे, तो गेला नंतर. आधी छावणी.

हा क्रम असा का लागला? मला विचाराल तर दोष पहिल्या सम्राटाकडे, ऑगस्टसकडे जातो. इ.स.पू. 27 मध्ये त्याने सगळी सत्ता हातात घेतली ती ‘मी राजा नाही’ असं सांगत. राजा या शब्दाचाच रोमनांना तिटकारा होता, ज्युलियस सीझर त्यापायीच मारला गेला होता. म्हणून सेनेट, कॉन्सल, निवडणुका सगळं जागच्या जागी ठेवलं आणि खऱ्या फौजा तेवढ्या स्वतःकडे घेतल्या. हुशारी जबरदस्त. पण राजा नाहीच म्हटल्यावर राजाचा वारस कायद्याने ठरवायचा कसा? मुलगा, दत्तक, जावई, सगळं रिवाजावर. रिवाज जिथे तुटेल तिथे उरायची ती तलवार.

त्यात ऑगस्टसनंतरच्या टायबेरियसच्या काळात दलाचा प्रमुख सेजानस याने विखुरलेलं अंगरक्षक दल रोमच्या वेशीवर एका छावणीत गोळा केलं. पुढे इ.स. 41 मध्ये सम्राट कॅलिगुलाला त्याच दलाच्या एका अधिकाऱ्याने मारलं. सेनेट प्रजासत्ताक परत आणायच्या गोष्टी करत बसलं आणि तिकडे सैनिकांनी पडद्यामागे लपलेल्या त्याच्या काकाला, क्लॉडियसला ओढून छावणीत नेलं. क्लॉडियसने माणशी 15,000 सेस्टर्स (रोमन नाणी) कबूल केले. बाजारात म्हणतात तसा भाव फुटला. 68 मध्ये नवा सम्राट गॅल्बा याच्या नावाने कुणीतरी परस्पर 30,000 कबूल करून टाकले. गॅल्बा म्हणाला, मी सैनिक निवडतो, विकत घेत नाही. वाक्य सोन्यासारखं होतं. सात महिन्यांत, 15 जानेवारी 69 ला, भर फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, त्याला कापलं.

पुढची नर्व्हापासून मार्कस ऑरेलियसपर्यंतच्या पाच सम्राटांची 80 वर्षं शांततेची गेली, कारण लायक माणूस दत्तक घ्यायची पद्धत होती, असं पुष्कळजण सांगतात. पण पहिल्या चौघांना मागे राहिलेला मुलगाच नव्हता! मार्कसला होता, तर गादी त्या मुलाला, कमोडसला गेली. आणि नर्व्हाने ट्रेजनला दत्तक घेतलं ते अंगरक्षकांनी त्यालाच महालात कोंडल्यावर. ट्रेजनच्या हाताखाली तेव्हा जर्मनीच्या सरहद्दीवरची फौज होती. लायकी होतीच, पण फौजही होती.

तर पर्टिनॅक्स. त्याने माणशी 12,000 कबूल केले आणि तिजोरी उघडली. आत निघाले 10 लाख. हिशेब करून बघा, 83 सैनिकांचे पैसे. दल हजारोंचं. त्याने कमोडसचे रथ, रेशमी कपडे, चैनीच्या वस्तू लिलावात काढल्या. बायकोला ‘ऑगस्टा’ (सम्राज्ञी) आणि मुलाला ‘सीझर’ (वारस) हे किताब सेनेट देत होतं, ते नाकारले. सरकारी मालमत्तेवर स्वतःचं नाव घालू दिलं नाही, कारण ती राज्याची आहे. आणि कमोडसच्या राज्यात मोकाट सुटलेल्या अंगरक्षकांना शिस्त लावायला घेतली.

28 मार्च 193. दोनशेएक सैनिक तलवारी उपसून महालात घुसले. त्याला लपता आलं असतं, कदाचित पळताही. तो त्यांच्यासमोर चालत गेला आणि बोलू लागला. क्षणभर ते वरमले, तलवारी म्यानात गेल्या. मग एकजण पुढे झाला, ‘ही तलवार तुला सैनिकांनी पाठवलीय’ म्हणाला आणि वार केला. मुंडकं भाल्यावर लावून नेलं. मी हे कितीतरी वेळा वाचलंय आणि प्रत्येक वेळी त्या वरमलेल्या क्षणाशी अडतो. तेवढ्यापुरता एक म्हातारा नुसत्या बोलण्याने जिंकत होता.

इतिहासकार कॅसियस डिओ तेव्हा सेनेटर होता, पर्टिनॅक्सनेच त्याला पद दिलं होतं. पर्टिनॅक्सबद्दल डिओच्या मनात आदर आहे, पण ठपकाही आहे : सगळं एकदम सुधारता येत नाही, राज्य सावरायला वेळ लागतो, हे याला कळलं नाही. डिओने सगळं डोळ्यांनी पाहिलं, तरी इथे माझं त्याच्याशी जमत नाही. पर्टिनॅक्सने दमाने घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं होतं? वेळ त्याच्या हातात होताच कुठे? तो छावणीच्या हातात होता, आणि छावणी उरलेले पैसे मागत होती.

पुढे काय झालं ते त्याच दिवशी दिसलं. छावणीच्या आत पर्टिनॅक्सचा सासरा सुल्पिसियानस, बाहेर तटापाशी श्रीमंत सेनेटर डिडियस ज्युलियानस, आणि मध्ये निरोप्ये सैनिक. सासरा 20,000 पर्यंत गेला. ज्युलियानसने ओरडून आणि बोटांनी दाखवून एकदम 5,000 वाढवले. माणशी 25,000. सरहद्दीवरच्या साध्या सैनिकाला तेव्हा वर्षाला 1,200 मिळायचे, म्हणजे त्याचा वीसेक वर्षांचा पगार. साम्राज्य विकलं गेलं. बातमी कळल्यावर डिओ आणि त्याच्यासारखे सेनेटर अंघोळ उरकून, जेवून, कुणाला संशय नको म्हणून मुकाट सेनेटमध्ये गेले. लोक मात्र मुकाट बसले नाहीत. त्यांनी ज्युलियानसला राज्यचोर म्हटलं, दगड मारले. रोमच्या या सामान्य माणसांबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

दगडांनी सत्ता गेली नाही. डॅन्यूब नदीकाठी कार्नुंटमला सेनापती सेप्टिमियस सेव्हेरसला त्याच्या फौजेने 9 एप्रिलला सम्राट म्हणून जाहीर केलं. पर्टिनॅक्सचा सूड हे त्याचं निशाण. तो रोमजवळ येताच सेनेटने ज्युलियानसला देहान्त फर्मावला. ‘मी काय वाईट केलं? कुणाला मारलं?’ हे त्याचे शेवटचे शब्द. त्याचं राज्य टिकलं 66 दिवस.

सेव्हेरसने जुन्या अंगरक्षकांना निःशस्त्र करून हाकललं आणि त्यांच्या जागी स्वतःचे सैनिक भरले. पर्टिनॅक्सचा मेणाचा पुतळा करून थाटात अंत्ययात्रा काढली. पुतळ्याजवळ एक पोरगा मोरपिसांनी माश्या वारत होता, जणू म्हातारा नुसता झोपलाय.

नंतर त्याच सेव्हेरसने सैनिकांचे पगार वाढवले. 211 मध्ये मरताना मुलांना सांगून गेला : एकमेकांशी सलोख्याने राहा, सैनिकांना श्रीमंत करा, बाकीच्यांची पर्वा नको. पहिला भाग त्याच वर्षी बुडाला. थोरल्या कॅरॅकलाने धाकट्या गेटाला आईच्या कुशीत मारवलं आणि तडक छावणीत धावला, पैसे कबूल करायला.

रोमला गेलात तर फोरममधली सेव्हेरसची कमान बघा. वरच्या लेखाची चौथी ओळ खरवडून पुन्हा कोरलीय, तिथे आधी गेटाचं नाव होतं. मी बराच वेळ मान वर करून उभा होतो. ब्राँझची अक्षरं बसवायला पाडलेली जुनी भोकं नव्या ओळीच्या मधून अजून दिसतात.