२९९ रुपये गुणिले हजार बागायतदार: हे गणित कोकणात का बसत नाही

कोकणातल्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हापुन्हा येतो. शब्द थोडे बदलतात, आशय तोच. ‘तरुणांनो, मुंबईची वाट सोडा. एआयमुळे आता कोडिंग शिकावं लागत नाही. दोन दिवसांत अ‍ॅप बनवा: आंब्याच्या पानाचा फोटो काढला की रोग आणि औषध सांगणारं, ९९ टक्के अचूक. महिना २९९ रुपये लावा. हजार बागायतदार मिळाले तरी महिन्याला तीन लाख, घरबसल्या. अ‍ॅप नाही जमलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर बॉट बसवा. आता नाही तर कधीच नाही. आणि धंदा नाही चालला तरी शेतकऱ्यांची माहिती जमते, ती विकता येते.’

मी रत्नागिरीत छोट्या धंद्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. हा मजकूर वाचून हातातली नोकरी सोडायला निघालेली मुलं माझ्याकडे येतात, कधी त्यांचे वडीलही सोबत असतात. म्हणून त्यातला एकेक दावा घेतो.

‘दोन दिवसांत अ‍ॅप बनतं.’

दाखवण्यापुरतं बनतं, हे खरं आहे. पण जे तुम्हाला दोन दिवसांत जमतं ते लांज्यातल्या आणि कणकवलीतल्या मुलालाही जमतं, त्यामुळे निव्वळ ‘अ‍ॅप आहे’ यासाठी कुणी पैसे देणार नाही. शिवाय गूगल प्लेवर नवं वैयक्तिक खातं उघडलं, तर अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. दोन दिवसांचे दोन आठवडे तिथेच होतात.

‘९९ टक्के अचूक.’

हा आकडा कुठून येतो ते समजून घ्या. पानांवरचे रोग ओळखायला शिकवण्यासाठी जगभर वापरला जाणारा एक फोटोसंच आहे, प्लांटव्हिलेज. त्यात चौपन्न हजारांच्या आसपास फोटो आहेत, १४ पिकांचे. सफरचंद, द्राक्ष, बटाटा, टोमॅटो वगैरे. त्यात आंबा नाही, काजू नाही, नारळ नाही. या संचावरच्या २०१६च्या गाजलेल्या शोधनिबंधात अचूकता ९९ टक्क्यांच्या वर निघाली होती. पण त्याच निबंधात पुढे लिहिलं आहे की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तेव्हा ती ३१ टक्क्यांवर आली. साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेलं एकटं पान आणि भर दुपारी कातळावरच्या कलमाखाली हलत्या हाताने काढलेला मोहोराचा फोटो, यांच्यातलं हे अंतर आहे. ग्रुपवर पहिला आकडा फिरतो, दुसरा कुणी सांगत नाही.

त्याहून मोठी गोष्ट ही, की रोगाचं नाव ही बागायतदाराची अडचणच नाही. तुडतुडा झाला की मोहोराशी जाताच किडे तोंडावर उडतात. खालची पानं हाताला चिकट लागतात, मग त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. भुरी मोहोरावर पांढरी पावडर धरल्यासारखी दिसते. हे ओळखायला देवगडात कुणाला फोन लागत नाही. फवारणीचं वेळापत्रक दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आखून दिलेलं आहे, मोहोर फुटायच्या आधी पालवीवरच्या पहिल्या फवारणीपासून. अडतं ते पुढे. काल अवकाळी शिंतडला, आज मळभ आहे, तर आज मारू की दोन दिवस थांबू? मागच्या वेळचंच औषध परत की बदलू? एका फवारणीत औषध, पंपाचं इंधन, पाणी आणि मजुरी जाते. ती फुकट गेली तर तोटा अ‍ॅपवाल्याचा होत नाही.

आणि साका. हापूसचा सगळ्यात महागडा दोष हाच, आणि तो बाहेरून दिसत नाही. फळ देखणं असतं, सालीवर डाग नसतो, वास घमघमीत. कापल्यावर आत गर पांढुरका, स्पंजासारखा, आंबट. म्हणून तर फळ चौदा आणे तयार झालं की उतरवतात, झाडावर पूर्ण पिकू देत नाहीत. सालीच्या फोटोवरून मोबाईलला साका दिसत नाही. ज्या दोषापायी गिऱ्हाईक पेटी परत करतं, त्यात हे अ‍ॅप काहीच करू शकत नाही.

झाडाजवळ रोज असतो कोण, हेही पाहायला हवं. बऱ्याच बागांत राखणीला आणि फवारणीला नेपाळी गडी आहेत, मालक मुंबईत. मराठीतला सल्ला ज्याच्या हाती पोचायला हवा, त्याला मराठी वाचता येतं का, हा प्रश्न फोटो बघून उत्तर देणाऱ्या कुठल्याही एआय मॉडेलच्या अचूकतेच्या आधी येतो.

चुकीची किंमतही साधी नसते. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली, कारण मालात फळमाशी सापडली होती. बंदी उठली जानेवारी २०१५ मध्ये. काही पेट्यांतल्या दोषामुळे सगळ्यांचं दार बंद झालं. कीटकनाशकाच्या अंशाचंही तसंच आहे: चुकीचं औषध, चुकीचं प्रमाण, काढणीच्या फार जवळची फवारणी, आणि निर्यातीचा माल अडकतो. अशा ठिकाणी मॉडेल ठाम आवाजात चुकीचं औषध सांगणार, आणि अटींच्या पानावर आपण ‘सल्ल्याची जबाबदारी आमची नाही’ असं लिहून मोकळे होणार. हे मला धंदा म्हणून पटत नाही, शेजारी म्हणून तर नाहीच.

‘महिना २९९, हजार बागायतदार, तीन लाख.’

हा दावा सगळ्यात जास्त लोकांना भुलवतो, म्हणून हिशोब मांडूनच बघू.

वर्षाचे होतात पस्तीस लाख अठ्ठ्याऐंशी हजार. सेवा विकणाऱ्याची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते, दर १८ टक्के. शेतकऱ्याला २९९च सांगितले असतील तर कर त्यातूनच जाणार, उरतात २५३. गूगल प्ले सबस्क्रिप्शनवर १५ टक्के घेतं. हातात पडतात सव्वादोनशेच्याही खाली. त्यातून मॉडेलचं बिल, सर्व्हर, आणि ‘अ‍ॅप उघडत नाही’ म्हणून येणारे फोन.

मॉडेलचं बिल वेगळं समजून घ्यायला हवं. साध्या सॉफ्टवेअरमध्ये ते एकदा बनलं की गिऱ्हाईकाने दिवसातून एकदा वापरलं काय किंवा पन्नासदा, आपला खर्च जवळपास तोच. इथे प्रत्येक प्रश्नाला, प्रत्येक फोटोला डॉलरमध्ये मीटर चालू असतो. हा मीटर टोकनवर, म्हणजे मजकुराच्या छोट्या तुकड्यांवर, मोजला जातो आणि देवनागरी मजकुराचे टोकन इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, म्हणजे मराठीत उत्तर देणं मुळातच महाग. जो सगळ्यात जास्त वापरेल, ज्याला खरोखर उपयोग होतो आहे, तोच आपल्याला सगळ्यात तोट्यात घालेल. दर ठरवण्याआधी हा विचार केला नाही तर ग्राहक वाढणं हेच संकट होतं.

आणि ‘महिना’ कुठला? मोहोर ते काढणी, म्हणजे साधारण डिसेंबर ते मे. जूनमध्ये पाऊस लागला की फोटो काढायला कुणी बागेत जात नाही. बारा महिन्यांची वर्गणी सहा महिन्यांच्या पिकावर लावली आहे.

मग हजार जण का देतील? सरकारी किसान कॉल सेंटर २००४ पासून फुकट आहे. प्लँटिक्स हे जर्मन अ‍ॅप पानाच्या फोटोवरून रोग सांगतं, मराठीतही, तेही फुकट. त्या कंपनीने पैशासाठी खतं-औषधांच्या दुकानदारांकडे मोर्चा वळवला. जगभरचे शेतकरी वापरणारे असूनही वर्गणीच्या भरवशावर ती राहिली नाही. २०२५ मध्ये राज्य सरकारने महाविस्तार हे एआय अ‍ॅप आणलं.

मोठ्या कंपन्यांनी तर बाजारच मोडून टाकला आहे. २०२५ मध्ये एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर फुकट दिलं, जिओने जेमिनी प्रो दीड वर्ष, आणि ओपनएआयने नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर मोफत केलं. त्यांना तोटा सोसायला पैसे आहेत, तुम्हाला नाहीत. ‘प्रश्न विचारा, उत्तर मिळेल’ एवढंच जर आपल्या उत्पादनात असेल, तर ते गिऱ्हाईकाच्या खिशात आधीच आहे.

‘अ‍ॅप नाही तर व्हॉट्सअ‍ॅप बॉट.’

मेटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की १५ जानेवारी २०२६ पासून सर्वसाधारण गप्पा मारणारे एआय बॉट व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस सेवेवर चालवता येणार नाहीत. होमस्टेवाल्याने खोल्यांची चौकशी घेणारा बॉट ठेवला तर त्याला ते लागू नाही. पण काहीही विचारा छापाचा बॉट बनवून बसलेल्यांचा धंदा एका नियमाने जाऊ शकतो, हे त्यातून कळावं. परक्याच्या अंगणात मांडव घालताना हे धरूनच चालावं.

‘आता नाही तर कधीच नाही.’

उलट आहे. मॉडेलं दर काही महिन्यांनी सुधारतात, त्यांचे दर उतरत आले आहेत. थांबणाऱ्याला तेच काम उद्या स्वस्तात मिळतं. स्वस्तात मिळत नाही ती धंद्याची आतली ओळख, आणि ती आपल्याकडे आहे.

उदाहरण म्हणून वाशीहून येणारी पट्टी घ्या, म्हणजे विकलेल्या आंब्याचा दलालाने पाठवलेला हिशोब. पातळ कागद, बऱ्याचदा हाताने लिहिलेला: मार्का (पेटीवरची बागायतदाराची खूण), पेट्या, प्रतवारी, दर, खाली भाडं, हमाली आणि इतर कापाकापी. हंगामात पट्ट्या येत राहतात आणि पिशवीत जमा होतात. आधी दलालाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यामुळे कुठल्या पेट्यांचे पैसे उचलीत वळते झाले आणि कुठले यायचे आहेत, हे जूनमध्ये दोन दिवस बसून डायरीशी ताडलं जातं. मधल्या काळात मार्का चुकला असेल, चार पेट्या कमी लागल्या असतील, तर वेळ गेलेली असते.

फोटोतून पट्टी वाचणं हे आजच्या मॉडेलला बऱ्यापैकी जमतं. बेरीज त्याला करू द्यायची नाही, ती साध्या कोडने करायची. वाचलेला प्रत्येक आकडा मूळ पट्टीशेजारी दाखवून बागायतदाराकडून होकार घ्यायचा. इथे मॉडेल चुकलं तर ती चूक तिथल्या तिथे दिसते, झाडावर फवारली जात नाही. पैसे महिन्याला मागायचे नाहीत. हंगामाचे एकदाच, आणि मे अखेरीस, जेव्हा हातात पैसा असतो. गिऱ्हाईक हजार लागत नाहीत. स्वतःचा माल भरून दुसऱ्यांचाही पाठवणारे दहाबारा मोठे बागायतदार किंवा एखादी सोसायटी पुरे.

हे चालेलच असं मी म्हणत नाही. बनवण्याआधी त्या दहांपैकी तिघांकडे जाऊन ‘यंदासाठी पाचशे आगाऊ द्या’ म्हणून बघा. ‘छान आहे, बघूया’ असं उत्तर आलं तर ते नाही समजा. तिघांनी पैसे काढले तर कामाला लागा. कुणीच काढले नाहीत आणि तरी घरच्या पट्ट्यांसाठी बनवावंसं वाटलं, तर जरूर बनवा. वडिलांची जूनमधली दोन दिवसांची डोकेदुखी वाचली तर तेवढं कारण पुरेसं आहे. त्याला धंदा म्हणून कर्ज मात्र काढू नका.

‘माहिती विकता येते.’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. कुणाच्या बागेत किती कलमं, यंदा किती माल, कधी उतरणार, उचल कुणाची किती: ही माहिती विकत घ्यायला सगळ्यात आधी पुढे येईल तो बागायतदाराला दर सांगणारा माणूस. ज्याला पुढच्या आठवड्यात माल काढावाच लागणार आहे, त्याची नड समोरच्याला आधी कळली तर पेटीमागे काय दर मिळेल हे देवगडातलं पोरही सांगेल.

कायद्यानेही हे सोपं राहिलेलं नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतो ते स्पष्ट सांगून संमती घ्यायची आणि त्याच कामापुरती ती वापरायची, हा त्याचा गाभा. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. फोटो घेताना एक कारण सांगून मागच्या दाराने दुसऱ्याला विकणं यात बसत नाही.

पट्ट्यांचं काम कुणी हाती घेतलंच, तर आकडे शक्यतो बागायतदाराच्याच फोनमध्ये राहू द्या. मॉडेलकडे पाठवण्याआधी नाव आणि मार्का झाकता येतो का ते बघा. हंगाम संपल्यावर त्याने ‘पुसून टाक’ म्हटलं, तर त्याच्या समोर पुसा.