सक्ती नको, आधी तिला विचारा

नमस्कार,

मोकळेपणाने लिहिलंत, बरं झालं. परीक्षेच्या वर्षात मुलीकडे व्यायामाला रोज तासभर वेळ नाही, तिला खेळाची आवडच नाही, हौसेने लावलेला बॅडमिंटनचा क्लासही तिने सोडला, त्यामुळे आता सक्ती केल्याशिवाय ती हलणार नाही, असं तुमचं म्हणणं. वेळेची अडचण खरी आहे. सक्तीबद्दल मात्र माझं मत पूर्ण वेगळं आहे.

आधी तासाचं बोलू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी किमान ६० मिनिटं हालचाल सांगितली आहे. सरासरी! एखाद्या दिवशी कमी भरली तर दुसऱ्या दिवशी जास्त. ती सलगही लागत नाहीत. झपझप चालणं, सायकल, खोलीचं दार लावून केलेला नाच, श्वास वाढला की सगळं धरायचं. आठवड्यातून तीनदा तरी दोरीच्या उड्या किंवा धावणं असावं, कारण हाडं सर्वात भराभर मजबूत होतात ती याच वयात.

आता तिने क्लास सोडला त्याबद्दल. तिला आळशी म्हणण्याआधी एक आकडा पाहा. २०१६ च्या जागतिक आकडेवारीनुसार ११ ते १७ वयाच्या, शाळेत जाणाऱ्या मुलींपैकी ८५ टक्के मुलींची हालचाल पुरेशी नव्हती. मुलग्यांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के होतं. इतक्या मुली एकाच वेळी आळशी कशा असतील? पाळीचे दिवस, अंगाला चिकटणारे कपडे, बघ्यांच्या नजरा, संघ निवडताना शेवटी उरणं, चुकलं की सगळ्यांसमोर ओरडा, यातलं काहीही असू शकतं. आणि यातलं बरंचसं मुली घरी सांगत नाहीत. तिला कदाचित खेळ नकोसा नसेल, तिथलं वातावरण नकोसं असेल. अशा वेळी सक्ती केलीत तर ती तुमच्या डोळ्यांसमोर हलेल, पुढे तुमचा धाक संपला की थांबेल. मैदानाच्या फेऱ्या शिक्षा म्हणून मारायला लावलेल्या कित्येक मुलांना धावणं आयुष्यभर आवडत नाही, ते यामुळेच.

म्हणून क्लासमध्ये नेमकं काय खटकलं ते तिला शांतपणे विचारा. समोरासमोर बसवून नको, दोघी चालत असताना विचारा. पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्या. मैत्रिणीबरोबर नुसतं फिरायचं म्हणाली तरी चालेल. क्लासच्या फीचा विषय मात्र त्या बोलण्यात काढू नका.