नऊ रेघांचा बिऱ्हाडकरू

परवापासून मी खजिनदार काकांशी बोलत नाही. ते बोलतात, हा भाग वेगळा.

आमच्या दादरच्या सोसायटीत 24 बिऱ्हाडं. तक्रारवहीची पानं कोणीतरी फाडतं म्हणून ऑनलाइन फॉर्म करायचं ठरलं आणि "तू कॉम्प्युटरमध्येच आहेस ना?" एवढ्यावर काम माझ्या गळ्यात पडलं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत जँगो (Django) नावाचं वेबसाइट बनवायचं तयार साधन वापरून फॉर्म उभा केला आणि लॅपटॉप घेऊन खजिनदार काकांकडे गेलो. त्यांनी स्क्रीनवरचं नाव वाचलं.

"डजँगो?"

"ड मुका आहे, काका."

"मग ठेवलाय कशाला?"

मी सांगायला लागलो, की हे नाव ज्याच्यावरून आलं तो जँगो राइनहार्ट म्हणून एक गिटारवादक होता. 1928 मध्ये आगीत त्याचा डावा हात भाजला, दोन बोटं जवळजवळ निकामी झाली, तरी उरलेल्या दोन बोटांवर त्याने...

"आणि तुझी दहा शाबूत असून हे असं?"

फॉर्ममधला ड्रॉपडाउन, म्हणजे क्लिक केल्यावर खाली उघडणारी फ्लॅटची यादी, उघडला होता. फ्लॅट ऑब्जेक्ट (1), फ्लॅट ऑब्जेक्ट (2), थेट चोवीसपर्यंत. प्रत्येक फ्लॅट कुठल्या नावाने दाखवायचा हे सांगणारी एसटीआर नावाची मेथड लिहायची राहिली की जँगो सगळ्यांना असं एका माळेत ओवतो. दोन ओळींचं काम, तिथेच बसून केलं. पण काकांचं बोट आता सगळ्यात वरच्या ओळीवर होतं.

"हा कोण? रेघांचा?"

तिथे नऊ रेघा असतात. आपण काही सांगितलं नाही तर जँगो स्वतःहून घालतो.

"काका, ती रिकामी जागा आहे."

"रिकामी? दादरमध्ये?" काका खुर्चीतून अर्धे उठले. "किती चौरस फूट?"

"जागा म्हणजे, काहीच निवडलं नाही तर..."

"मेंटेनन्स कोण भरतं तिचा?"

त्या रिकाम्या ओळीचं लेबल बदलून मी तिथे 'फ्लॅट निवडा' असं लिहिलं. यादी फ्लॅटच्या नंबरांप्रमाणे लावली. तर म्हणे, दोनच्या आधी दहा कसा? कारण नंबर अक्षरांत साठवलेत. तुलना पहिल्या अक्षरापासून होते, म्हणून 1, 10, 11 असं करत 19 आणि मग 2. आणि अक्षरांत का? तर तेरा अशुभ म्हणून एका घराला 12अ हवं होतं. ते घर काकांचंच. हे मी बोललो नाही. क्रमाचा वेगळा आकडा घातला, यादी त्याप्रमाणे लावली, साडेअकरा वाजले. नळवाला नुसता वॉशर बघायला आला तरी रोख घेऊन जातो, वर त्याला चहा. मला कोणी पाणी विचारलं नाही. ऑफिसात याच कामाचा मला पगार मिळतो, हे तिथे आठवायला नको होतं, पण आठवलं.

काल संध्याकाळी जिन्यात काकांनी गाठलं. हातात कागद. फॉर्मची प्रिंट काढून आणली होती, नोटीस बोर्डावर लावायला.

"यात नुसतं 'फ्लॅट निवडा' आलंय," ते म्हणाले. "बाकीचे चोवीस कुठे गेले?"